पित्याचे नाव आणि अपत्याचा हक्क



यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी आणि पांढरकवडा या परिसरात काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला ‘कुमारी माता’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. लग्नाचे आमिष दाखवून कोलाम व इतर आदिवासी मुलींची फसवणूक करणारे ठेकेदार आणि व्यापारी पुढे निघून गेले. मुले मात्र पाड्यावरच वाढली. शाळेत नाव घालण्याचा दिवस उजाडला की अर्जातील मधल्या नावाचा रकाना रिकामा राहतो. त्या रिकाम्या रकान्यामागे कायदा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याची माहिती ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि अंगणवाडी सेविका यांना असणे आवश्यक आहे. कारण अशी माता प्रथम वकिलाकडे जात नाही, त्यांच्याकडेच येते.

हा प्रश्न नवा नाही. धर्मशास्त्राने कुमारिकेच्या पुत्राला ‘कानीन’ असे नाव दिले होते. मनूने तो आईशी पुढे विवाह करणाऱ्याचा मानला, तर याज्ञवल्क्याने तो मातामहाचा मानला. ज्याने जन्म दिला त्या पुरुषाला गाठण्याचा खटाटोप दोघांनीही केला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुण्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्याच कार्यातून लाभलेल्या यशवंताला दत्तक घेतले आणि १८८७ मध्ये जोतीरावांनी त्याच्या हक्कासाठी मृत्युपत्रही केले. माया पुरेशी नाही, कागदही लागतो, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते.

आजचा कायदा दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. अपत्याचे पोषण ही एक आणि अपत्याचा दर्जा व वारसा ही दुसरी. पोषणाच्या बाबतीत कायदा बराच उदार आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये असलेली पोटगीची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे. औरस असो वा अनौरस, स्वतःचे पोषण करू न शकणाऱ्या अपत्याला पित्याकडून दरमहा रक्कम देवविण्याचा अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. ही तरतूद सर्व धर्मीयांना लागू आहे. आई विवाहित पत्नी ठरली नाही, तरी मुलाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. पूर्वी या रकमेला पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ मध्ये उठविण्यात आली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून अर्ज लांबणीवर टाकण्यात मुलाचेच नुकसान आहे. आदेश होऊनही रक्कम न देणाऱ्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो.

परंतु ‘हाच पिता’ हे सिद्ध कसे करावयाचे? पूर्वी साक्षीदार, पत्रे, एकत्र राहिल्याचा पुरावा आणि चेहऱ्यातील साम्य यांवरच भिस्त असे. रक्तगटाच्या चाचणीने एखादा पुरुष पिता नाही एवढेच कळे. तो आहे, हे कळत नसे. या स्थितीत पालट घडविणारा देशातील पहिला दावा केरळातील तलश्शेरी येथील होता, आणि तोही अविवाहित मातेच्या अपत्याच्या पोटगीचाच. १९८९ च्या सुमारास हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील डॉ. लालजी सिंग यांनी केलेली डीएनए तपासणी तेथील न्यायालयाने ग्राह्य धरली आणि उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली.

या तपासणीचे तत्त्व सोपे आहे. अपत्याच्या डीएनएतील निम्मा वाटा आईकडून आणि निम्मा पित्याकडून येतो. आईशी जुळणारा भाग बाजूला काढल्यावर उरलेला भाग त्या पुरुषाशी जुळतो की नाही, हे अनेक ठिकाणी पाहिले जाते. एकापेक्षा अधिक ठिकाणी स्पष्ट विसंगती आढळली तर तो पुरुष बाद होतो. सर्व ठिकाणी जुळले तर संभाव्यता शंभर टक्क्यांच्या अगदी जवळ जाते. संशयिताचा सख्खा भाऊही चर्चेत असेल तर ते प्रयोगशाळेला आधीच कळविणे आवश्यक असते, कारण भावाभावांत साम्य पुष्कळ असते. नमुने न्यायालयाच्या आदेशानुसार, ओळख पटवून आणि मोहोरबंद करून शासकीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गेले पाहिजेत. कोणी परस्पर खाजगी चाचणी करून आणलेला कागद न्यायालयात टिकेलच असे नाही.

न्यायालय ही चाचणी मागताक्षणी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले की, प्रथमदर्शनी भक्कम आधार असल्याखेरीज असा आदेश देऊ नये आणि रक्त देण्याची कोणावरही बळजबरी करू नये. आदेश होऊनही पुरुषाने नकार दिला, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. मोठ्या पदाचाही येथे उपयोग होत नाही. माजी मुख्यमंत्री व माजी राज्यपाल नारायणदत्त तिवारी यांना अखेर २०१२ मध्ये रक्ताचा नमुना द्यावा लागला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात त्यांचे पितृत्व उघड झाले.

आता ज्या गोष्टीकडे गावोगावी डोळेझाक होते, ती. मुलगी गरोदर असल्याचे कळताच अब्रूच्या भीतीने घाईघाईने तिचे दुसऱ्याशी लग्न लावून दिले जाते. मनुस्मृतीत अशा पुत्राला ‘सहोढ’ म्हटले आहे आणि तो विवाह करणाऱ्याचाच मानला आहे. आधुनिक कायदाही त्याच वाटेवर उभा आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ११२, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६, यांनुसार वैध विवाह चालू असताना जन्मलेले अपत्य हे त्या पतीचेच औरस अपत्य होय, असे निर्णायकपणे मानले जाते. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीचा संबंध येऊच शकत नव्हता, हे सिद्ध झाले तरच हे गृहीतक मोडते. जानेवारी २०२५ मध्ये केरळमधील एका तरुणाने दुसऱ्या पुरुषाच्या डीएनए चाचणीसाठी चालविलेला लढा याच कलमापुढे थांबला. तेव्हा अब्रू झाकणारे ते लग्न खऱ्या पित्याला कायद्याच्या आड लपवू शकते, हे वडीलधाऱ्यांना वेळीच सांगितले पाहिजे.

वारशाच्या बाबतीत कायदा कठोर आहे. मिताक्षरेच्या परंपरेत शूद्राच्या दासीपुत्राला पित्याच्या मालमत्तेत काही वाटा होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने अनौरस अपत्याचे नाते केवळ आईशी मानले आणि तोही वाटा गेला. सुधारणेच्या कायद्याने दुबळ्याचा हक्क कमी करावा, हा विरोधाभासच म्हणावा लागेल. रद्दबातल विवाहातून झालेल्या मुलांना १९७६ च्या दुरुस्तीने औरस मानले आणि १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने त्यांचा आईवडिलांच्या हिश्श्यातील हक्क स्पष्ट झाला. पण जेथे विवाहविधी झालाच नाही, तेथे हे संरक्षण पोहोचत नाही. दीर्घकाळ पतीपत्नीप्रमाणे एकत्र राहिल्यास विवाह झाल्याचे मानता येते, एवढाच आधार उरतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे पित्याला जन्मनोंदीत, दस्तात किंवा मृत्युपत्रात अपत्याचा स्वीकार करण्याची रीत होती. अशा स्वीकृतीची सोय अन्यत्रही का नसावी, याचा विचार विधिज्ञांनी करावयास हवा.

प्रत्येक मातेला त्या पुरुषाचे नाव नकोच असू शकते. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता पालकत्व मागता येते असा निर्णय दिला आणि केवळ तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला देण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत प्रथम मुलाचे, मग आईचे नाव लिहिण्याचा निर्णय झाला असून अविवाहित मातेच्या मुलाला तिच्या नावावर थांबण्याची मुभा आहे. दाखल्यासाठी पित्याच्या नावाचा आग्रह धरणारा कर्मचारी नियम पाळत नसतो, नियम मोडत असतो.

माता अठरा वर्षांखालील असेल तर प्रश्न पोटगीपुरता उरत नाही. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमान्वये तो गंभीर गुन्हा आहे आणि त्याची खबर देणे, माहिती असलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पैसे देऊन प्रकरण मिटविणाऱ्या पंचांनी हे ध्यानात ठेवावे.

वकिलाच्या खर्चाची भीती अनेकींना मागे खेचते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. सोबत मुलाचा जन्मदाखला, प्रसूतीची रुग्णालयातील नोंद, त्या पुरुषाचे पूर्ण नाव व पत्ता आणि एकत्र राहिल्याचे पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावे असावीत. अर्ज तो पुरुष राहतो तेथील, किंवा अपत्याच्या मातेसह तो शेवटी जेथे राहिला तेथील न्यायालयात करता येतो. त्यामुळे ठेकेदार परप्रांतात परतला असला, तरी तो पाड्यावर तिच्यासोबत राहिला असेल तर तालुक्याचे न्यायालय तिच्यासाठी खुले आहे.