महिन्याचा तक्ता



पैसा कसा मिळवावा, हे आम्ही सांगायला नको. त्यासाठी तुम्ही रोज उन्हातान्हात राबता. आलेला पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात जातो, एवढेच आज आपण पाहू.

शेतकऱ्याच्या घरात पैसा दर महिन्याला सारखा येत नाही. सोयाबीन विकले की दिवाळीच्या सुमारास चार पैसे हाती येतात. खर्च मात्र बारा महिने चालूच. त्यात जून आला की बी हवे, खत हवे. मुलांच्या शाळाही तेव्हाच उघडतात. वर्षाची बेरीज जमते, पण जून अडतो. मग घरच्या लक्ष्मीची बोरमाळ गहाण पडते.

यावर एक साधा उपाय आहे. वहीच्या पानावर पाच रकाने पाडा. रकाने म्हणजे उभी घरे. त्यांना नावे द्या : महिना, हाती, आले, गेले, उरले. 'हाती' आणि 'आले' यांची बेरीज करा. त्यातून 'गेले' वजा करा. राहील ते 'उरले'. तोच आकडा पुढच्या महिन्याच्या 'हाती' खाली लिहा.

समजा, एका घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आणि एक म्हैस आहे. दूध आणि मजुरी यांवर घर चालते. त्यांनी मार्च संपताना पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज मांडला :

महिना | हाती | आले | गेले | उरले
एप्रिल | ९,००० | ८,००० | ७,००० | १०,०००
मे | १०,००० | ७,००० | ८,००० | ९,०००
जून | ९,००० | ७,००० | २१,००० | तूट ५,०००

जूनचे २१,००० कसे झाले? बी-खत १०,०००, मशागत आणि पेरणी ३,०००, शाळा २,०००, घरखर्च ६,०००.

आता पाहा. ही तूट जूनमध्ये कळली, तर सावकाराचे दार धरावे लागते. महिना शेकडा ३ रुपये व्याज म्हटले, तर ५,००० रुपयांना महिना १५० रुपये पडतात. नोव्हेंबरात माल विकेपर्यंत पाच महिने जातात. म्हणजे ७५० रुपये नुसते व्याजात गेले!

तीच तूट मार्चमध्ये कळली, तर हाती वेळ असतो. एप्रिल आणि मे महिन्यांत दीड-दीड हजार बाजूला ठेवले, तर ३,००० झाले. शेजाऱ्याशी सावड करून मशागतीचे २,००० वाचवले. तूट फिटली. बोरमाळ गळ्यातच राहिली.

एवढ्यानेही भागत नसेल, तर सोसायटीत किंवा बँकेत वेळेवर जा. किसान क्रेडिट कार्ड १९९८ सालापासून आहे. पण कर्जाला सातबारा लागतो, आठ-अ लागतो. कागद जमवायला दिवस लागतात. पाऊस पडल्यावर धावाधाव करून काय उपयोग?

तक्ता लिहिताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : कर्ज ही कमाई नव्हे. ते 'आले' मध्ये लिहा, पण पुढे 'कर्ज' असा शब्द घाला. ज्या महिन्यात फेडायचे, त्या महिन्याच्या 'गेले' मध्ये तेही लिहा.

दुसरी : दुकानाची उधारी वेगळ्या पानावर मांडा. पैसे द्याल, त्या महिन्यात 'गेले' मध्ये घाला. फोनवरून दिलेले पैसेही लिहा. ते हातातून जाताना दिसत नाहीत, पण जातात.

तिसरी : चहा, तंबाखू, विडी हेही लिहा. रोजचे २० रुपये म्हणजे महिन्याचे ६०० होतात.

महिना संपला की अंदाज आणि खरा खर्च शेजारी ठेवून पाहा. पहिल्या महिन्यात आकडे चुकतील. चुकू द्या. दोन-तीन महिन्यांत हात बसेल.

आणि हा तक्ता एकट्याने करू नका. दुधाचा हिशेब घरधनिणीला ठाऊक असतो, शाळेचा खर्च मुलांना ठाऊक असतो. रात्री जेवणे झाली की सगळ्यांनी मिळून बसा. तुम्ही आता अक्षर शिकलात, आकडा शिकलात. ते शिकणे घराच्या कामी लावा. आज रात्रीच वहीत पाच रकाने आखा.