रात्रीच्या गाडीने कारवार

बेंगळुरूच्या वाहतुकीने जीव मेटाकुटीला आला की माझं एकच सांगणं असतं, कारवारला जा. पंचगंगा एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते. सकलेशपूरचा घाट, त्यातले पन्नासहून अधिक बोगदे आपण झोपेतच पार करतो आणि सकाळी कारवारला उतरतो. उत्तर कन्नडचं हे जिल्ह्याचं ठिकाण १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. म्हणूनच बाजारात कोकणी, कन्नड आणि मराठी सहज कानांवर पडतात. कुणाला काही विचारायला अडत नाही.

समुद्रकिनारा गावाला अगदी लागून आहे. पलीकडे काळी नदी सागराला मिळते आणि तिच्या पैलतीरावर सदाशिवगड दिसतो. तरुण रवींद्रनाथ ठाकूर १८८३ मध्ये इथे राहिले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा इथे न्यायाधीश होते. ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक रवींद्रनाथांनी इथेच लिहिलं. आज किनाऱ्याला त्यांचंच नाव आहे.

खरं सांगू? इथे फार काही बघत फिरू नका. पहाटे अनवाणी चाला. ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी असते, लाट येते आणि ती पुसते. दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात जेवा आणि निवांत पडा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मात्र पाण्यात उतरू नका. मुलांचा हात तर मुळीच सोडू नका.