वासराचे वय पाहून खुराक द्या

गाईपुढे जे टाकतो त्यातलेच थोडे वासरापुढे टाकायचे, अशी रीत बऱ्याच गोठ्यांत दिसते. दूध सारे डेअरीला जाते, अन् वासराच्या वाट्याला कडबा येतो. पोटाचा नगारा होतो, केस राठ होतात, बरगड्या मोजून घ्याव्यात. अशी कालवड चार-चार वर्षांची झाली तरी गाभण राहत नाही. नीट पोसलेली संकरित कालवड मात्र अडीच ते तीन वर्षांत विते. मधला सारा काळ आपण तिला फुकट पोसतो. हा तोटा कसा टाळायचा, ते आज पाहू.

वाढ म्हणजे अंगात मांस आणि हाडे तयार होणे. मांस बनते प्रथिनांपासून, आणि प्रथिने बनतात अमिनो आम्लांपासून. ही आम्ले म्हणजे घराच्या विटा समजा. काही विटा शरीर स्वतः पाडते, काही मात्र बाहेरूनच याव्या लागतात. लायसिन आणि मेथिओनिन ही त्यांतलीच. यांपैकी एक कमी पडले, तरी भिंत तेथेच थांबते. उरलेल्या विटा साठवून ठेवता येत नाहीत. यकृतात त्यांचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो.

आता वयाचा भाग पाहा. मोठ्या गाईच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते हलक्या चाऱ्यापासूनही चांगली प्रथिने तयार करतात. नव्या वासराचे कोठीपोट लहान आणि निकामी असते. ते रवंथ करीत नाही. त्याला तयार विटाच लागतात, म्हणजे दूधच लागते. शिवाय कोवळ्या वयात खाल्लेल्या प्रथिनांचा मोठा वाटा अंगी लागतो. वय वाढते तसा हा वाटा घटतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत केलेली कसर पुढे भरून काढणे महागात पडते.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

1. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजा. रोगापासून राखणारी प्रथिने वासराच्या आतड्यातून पहिल्या दिवशीच रक्तात जातात. आधी वासरू, मग घरचा खरवस!

2. पहिला महिना वजनाच्या दहाव्या भागाइतके दूध दोन वेळांत विभागून द्या. 25 किलोच्या वासराला रोज अडीच लिटर. दुसऱ्या महिन्यात पंधरावा भाग, तिसऱ्यात विसावा.

3. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक आणि कोवळा लसूणघास पुढ्यात ठेवा. असा खुराक खाल्ल्यानेच कोठीपोट वाढते. 100 किलो खुराकासाठी मक्याचा भरडा 45 किलो, शेंगदाणा पेंड 30, गव्हाचा कोंडा 12, साय काढलेल्या दुधाची भुकटी 10, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो घ्या. मका आणि शेंगदाणा पेंड या दोहोंत लायसिन कमी. ती उणीव दुधाची भुकटी भरून काढते. बुरशी आलेली पेंड वापरू नका. सरकी पेंड कोवळ्या वासराला बाधते.

4. नुसती पेंड वाढवून भागत नाही. भरडा कमी पडला, तर शरीर प्रथिनेच जाळून ऊर्जा मिळवते. म्हणजे घराचे सागवान चुलीत घातल्यासारखे झाले!

5. युरिया प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांच्या आतील वासराला मुळीच देऊ नका. मोठ्या जनावराच्या कोठीपोटातील जीव युरियापासून प्रथिने बनवतात. वासराला ते साधत नाही, उलट विषबाधेचा धोका असतो.

6. सहा महिन्यांनंतर कोठीपोट चांगले काम करू लागते. मग भारी खुराक कमी करून हिरवा चारा, कडबा आणि थोडी पेंड यांवर वाढ होते. येथे तुमचा खर्च वाचतो.

दर महिन्याला छातीचा घेर दोरीने मोजा आणि दोरीला गाठ मारून ठेवा. गाठ पुढे सरकली नाही, तर खुराक तपासा आणि जंतांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

मंडळी, आज वासराला पाजलेले दूध वाया जात नाही. उद्या तीच कालवड ते बादलीने परत देते.