‘बॅटरी बसली’ हे निदान नव्हे
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचं बोलून झालं, खरेदीचं बोलून झालं. मला दिलेला विषय त्यापुढे अगदी किरकोळ वाटेल. गाडीची वीज गेली तर काय करायचं, आणि बॅटरी कशी सांभाळायची. शेतकीची पदवी घेतलेला माणूस बॅटरीवर काय बोलणार म्हणून मागे दोघं-तिघं हसताहेत. हसू द्या. त्यांच्याच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पांढरी भुकटी साचलेली मी आत येताना पाहिली आहे.

विषय किरकोळ नाही, कारण तो नेमका कोणत्या दिवशी उपटतो ते बघा. मृगाचा पाऊस झाला, जमिनीला वापसा आला. आपल्या काळ्या रानात पेरणीजोगा वापसा किती टिकतो हे तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी ट्रॅक्टरवर बसलात, चावी फिरवली, आणि काहीच नाही. सेल्फ नाही, हॉर्न नाही, दिवा नाही. मिस्त्री येतो, लांबूनच बघतो आणि म्हणतो, ‘बॅटरी बसली, नवी टाका.’ त्या घाईत कोण विचारणार? ट्रॅक्टरच्या नव्या बॅटरीला जवळपास एक क्विंटल कापूस जातो. तेवढा कापूस पिकवायला किती झाडं, किती वेचणी, किती मजुरी लागली याचा हिशेब प्रत्येक घरात आहे. आणि बरेचदा दोष बॅटरीत नसतोच.

एका गावात मी असं पाहिलं की एकाच जीपला वर्षाच्या आत दोन बॅटऱ्या घातल्या गेल्या. शेवटी सापडलं काय? बॅटरीच्या वजा टोकाकडून चासीला जाणारी जाड पट्टी, जिला आपण अर्थ म्हणतो, तिचा बोल्ट सैल होता. क्लचचं काम करताना कुणीतरी सोडला आणि नीट आवळला नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी दोन बॅटऱ्या.

आपण पऱ्हाटीवाले लोक आहोत, तर पऱ्हाटीच्याच भाषेत सांगतो. पान लाल झालं की आपण म्हणतो लाल्या आला. पण लाल्या हे लक्षणाचं नाव आहे. मॅग्नेशियम कमी असेल, नत्र कमी पडलं असेल, तुडतुडे लागले असतील, रात्री थंड झाल्या असतील. कारण न बघता दुकानदार देईल ती बाटली फवारली तर पैसे जातात आणि लाल्या राहतो. ‘बॅटरी बसली’ हे तसंच लक्षणाचं नाव आहे. ती का बसली, हा प्रश्न शिल्लकच राहतो. तो न विचारता नवी टाकली, तर जुन्या कारणाने नवीही बसते.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हे एकदम झालं की हळूहळू? लांब उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला आणि झाडाने एकाएकी मान टाकली तर ती आकस्मिक मर. आठवडाभर पान पिवळं-लाल होत गेलं तर गोष्ट वेगळी. गाडीचंही तसंच. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती आणि आज दिव्याची ठिणगीसुद्धा नाही, तर आधी जोडणीवर संशय घ्या: टर्मिनल, अर्थ, मोठा फ्यूज. उलट चार-आठ दिवस सेल्फ जड होत चालला होता, दिवे मंद होत होते, तर बॅटरीत वीज भरत नाही, किंवा कुठून तरी गळते आहे, किंवा तिचं वय झालं आहे.

दुसरी तपासणी कान-डोळ्यांची. दिवा लावून सेल्फ मारा आणि दिव्याकडे बघा. दिवा मुळीच लागला नाही तर वीज बॅटरीतून बाहेरच येत नाही, किंवा बॅटरी पार रिकामी आहे. दिवा लख्ख आहे, सेल्फ मारला तरी मंद होत नाही आणि सेल्फही फिरत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये किंवा चावीच्या तारेत. बऱ्याच ट्रॅक्टरांना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ घेऊ न देणारा स्विच असतो, तोही बघा. आणि सेल्फ मारताच दिवा विझू लागला, ‘टिक टिक टिक’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल धरत नाही.

टर्मिनल आधी, कारण ते फुकटात होतं. ज्या टोकाची केबल चासीला जाते, म्हणजे बहुतेक गाड्यांत वजा टोक, ते पहिल्यांदा सोडायचं आणि शेवटी जोडायचं. अधिक टोक आधी सोडायला गेलात आणि पान्हा चासीला टेकला, तर पान्हा लाल होईपर्यंत करंट वाहतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून भुकटी धुवा. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. मग टोक आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून शिसं चकाकवा, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. अर्थची पट्टी चासीला जिथे बसते तिथला गंज आणि रंगसुद्धा खरवडा. रंगातून वीज जात नाही. उभ्या ट्रॅक्टरात उंदीर तारा कुरतडतात, तेवढ्यात त्याही बघून घ्या. जाड तारेतला मोठा फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार गुंडाळून काम भागवलं तर पुढचा शॉर्ट फ्यूजऐवजी अख्खं वायरिंग जाळेल.

यानंतर मीटर. तालुक्याला दोन-तीनशे रुपयांत साधा मीटर मिळतो. गावात चार ट्रॅक्टर असतील तर चौघांत एक घ्या. तो डीसी २० व्होल्टवर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. चार-पाच दशांशांचा फरक आणि बॅटरी निम्म्यावर, म्हणून ‘बारा व्होल्ट दाखवते, चांगली आहे’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्टचं. रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकून बसला, तर एक घर मेलं असं समजा. ती बॅटरी खरोखर गेली.

मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, अर्थात ती आधी पूर्ण भरलेली असेल तरच हा निकाल धरा. सेल्फ मारतानाच मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवा. तिथे शून्याच्या जवळ आकडा हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तुमची वीज त्या सांध्यातच मरते आहे. अशीच सुई वजा खुंट आणि इंजिन यांच्यात धरा, अर्थचा दोष उघडा पडतो. मी मघाशी सांगितलेल्या जीपचा दोष या एका तपासणीत सापडला असता.

इंजिन चालू झालं की पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. तेराच्या खाली असेल तर अल्टरनेटर भरत नाही. आधी त्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघा, बोटभर जाडीपेक्षा जास्त दबला तर ढिला आहे. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवेल. चावी दिल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर ‘दिवा नाही म्हणजे दोष नाही’ असं समजू नका.

गळतीचं एक कारण तर मला गावोगाव दिसतं. ट्रॅक्टरवर टेप आणि रंगीत दिवे चढवतात आणि त्यांची तार चावीतून न घेता थेट बॅटरीवर टाकतात. हौसेला माझा विरोध नाही. पण हिशेब करा. पाव अँपिअर गळती असली तर दिवसाला सहा अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात निम्मी. तार चावीच्या पुढून आणि फ्यूज लावून घ्या, गाणी तेवढीच मोठ्याने वाजतात.

आता सांभाळण्याचं. कोरडवाहू शेतात ट्रॅक्टर वर्षभर चालत नाही. नांगरणी, वखरणी, पेरणी झाली की तो उभा. उभी बॅटरी आपोआप उतरते, आणि ऊन जेवढं जास्त तेवढी लवकर उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि घट्ट होतात. एकदा खडे जुने झाले की चार्जर लावूनही ते पूर्ण विरघळत नाहीत. नवी बॅटरी दीड वर्षात जाते ती बहुधा अशी, काम करून नव्हे, पडून राहून. म्हणून ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर वजा केबल काढून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने बॅटरी चार्ज करा. रोज पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद केल्याने पोट भरत नाही, सेल्फने खाल्लेलंही नीट भरून येत नाही. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर उतरते असं अजून सांगतात. ते जुन्या लाकडी-रबरी पेट्यांच्या काळातलं, आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, आणि उकळल्याने ते जात नाहीत. फिल्टरचं पिण्याचं पाणीही नको. प्लेटांच्या वर बोटाच्या एका पेराच्या निम्म्याइतकं पाणी हवं, किंवा पेटीवरच्या खुणेपर्यंत. वरून ॲसिड कधीच घालायचं नाही. क्षारपड रानात काय होतं? पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. बॅटरीतही पाणीच उडतं, ॲसिड आतच असतं. त्यात आणखी ॲसिड ओतणं म्हणजे क्षारपड रानात मीठ फेकणं. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक घर वेगळं तपासा. भरलेल्या बॅटरीत १.२४० ते १.२८० दाखवतो. आपल्यासारख्या उष्ण मुलखासाठी ॲसिड थोडं पातळ ठेवतात, म्हणून कंपनीच्या कागदावरचा आकडा बघा. एखादं घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ते घर आजारी. बंद पेटीच्या बॅटरीवर जो हिरवा डोळा असतो तो सहापैकी एकाच घराचं सांगतो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

मायबहिणींनो, आता जे सांगतो ते घरात तुम्हीच पाळून घ्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो एका ठिणगीने भडकतो आणि पेटी फुटून ॲसिड तोंडावर उडतं. आपल्या घरांत काय असतं? भाव येईल म्हणून माळवदापर्यंत कापूस भरलेला असतो आणि त्याच खोलीत, वीज रात्रीची येते म्हणून, कोपऱ्यात बॅटरी चार्जिंगला लावतात. हे बंद करा. बॅटरी ओसरीत किंवा अंगणात, उघड्या हवेत. बिडी लांब. चार्जरचं बटण बंद करून मगच चिमटे काढायचे. चार्ज सावकाश करा, ८० ची बॅटरी असेल तर आठ अँपिअरपर्यंत. डोळ्यात ॲसिड गेलं तर हळद-तूप काही नको, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि थेट दवाखाना.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करायचं तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या हव्यात. मोठ्या ट्रकात दोन जोडून २४ व्होल्ट असतात, तिथून थेट घेऊ नका. लाल केबल अधिकला अधिक, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चालू इंजिनावर बॅटरी काढून दुसरी बसवायची युक्ती काही मिस्त्री अभिमानाने दाखवतात. त्याने अल्टरनेटर जळतो, आणि नव्या गाड्यांत त्याच्यासोबत इंजिनाचा कॉम्प्युटरही. जुनं डिझेल इंजिन उतारावरून सोडलं तर सुरू होतं, कारण त्याला ठिणगी लागत नाही. पण ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांचं इंधन आता विजेवरच सुटतं. बॅटरी पार मेली तर तिथे धक्क्याचा उपयोग नाही.

आणि बॅटरी खरंच गेली असेल तर ती भंगारात फेकू नका. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून तिला भाव आहे. दुकानदार ‘जुनीचे इतके कमी केले’ असं तोंडी सांगतो, तेव्हा ती काट्यावर ठेवायला सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. कापसाचा काटा डोळ्यांत तेल घालून बघणारे आपण, इथे का गप्प बसतो? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवीच्या वॉरंटी कार्डावर तारीख, नंबर आणि शिक्का दुकानातच मारून घ्या, आणि किती महिने फुकट बदलून मिळेल व किती महिने नुसती सूट, हे वेगवेगळं वाचून घ्या.

मंडपामागे एक ट्रॅक्टर उभा करून ठेवला आहे. मीटर, हायड्रोमीटर आणि सोड्याचं पाणी तयार आहे. पाच-सहा जणांनी एका वेळी यावं, म्हणजे प्रत्येकाला सुई स्वतः टेकवून बघता येईल. बिड्या इकडेच विझवून या.