टर्बो गेला, असं म्हणण्याआधी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि ‘तुझ्या गॅरेजबद्दल बोल’ म्हणून सांगितलंय. वर्गात उभं राहून धडा वाचायचा तरी माझा घसा कोरडा पडायचा, बाईंना आठवत असेल. तेव्हा शाळेच्या आठवणी मी इतरांवर सोडतो आणि मला जे कळतं तेवढंच सांगतो. गाडीचा टर्बो, आणि त्याच्यावर उगाच येणारा आळ.

पालीच्या माणसाला इंजिनाचं अप्रूप नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, आणि निम्म्या गावाचे हात ग्रीसने काळे. टर्बोलाही आधी मान मिळाला तो समुद्रावरच. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९२०च्या दशकात तो जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर बसला. मोटारगाडीत तो फार नंतर आला.

काम सोपं आहे. एक्झॉस्टचा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं. चक्राचे फेरे मिनिटाला लाखाच्या पुढे जातात. पण हा दाब मोकाट सोडला तर इंजिनच फुटेल, म्हणून त्याला लगाम लागतो. आणि माझ्याकडे ‘टर्बो गेला’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा टर्बो ठणठणीत असतो, लगाम तुटलेला असतो.

परवाचीच गोष्ट. आपल्याच वर्गातल्या एकीचा धाकटा भाऊ टुरिस्ट गाडी चालवतो. नाव सांगत नाही, तो मागच्या रांगेत बसलाय. विमानतळाचं भाडं घेऊन ठाण्याकडे जाताना घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात गाडी मेल्यासारखी व्हायची. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी. एका गॅरेजने स्कॅनर लावला, पी ०२९९ असा कोड आला, आणि त्याला सांगितलं, टर्बो बदल, साठ हजार. पतपेढीत अर्ज टाकून तो माझ्याकडे आला. म्हणाला, “दादा, एकदा बघा तुम्ही. गाडीचा हप्ता चालूच आहे, त्यात हे कर्ज.”

आता पी ०२९९ चा अर्थ एवढाच, की संगणकाने मागितला तेवढा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते तो कोड सांगत नाही. ताप आहे म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे कुठे कळतं?

मी आधी किल्ली फिरवली, इंजिन चालू न करता. दाबाचा सेन्सर १०१ किलोपास्कल दाखवत होता. विज्ञानाच्या सरांनी पाऱ्याची नळी उलटी करून जो वातावरणाचा दाब दाखवला होता, तोच हा. समुद्रसपाटीला उभ्या गाडीत एवढाच यायला हवा. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. या तपासणीला पैसा लागत नाही, तरी लोक ती करत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

मग स्कॅनर लावून त्याच घाटात गेलो. संगणक २१० मागत होता, मिळत होते १३०. सोलेनॉइडला हुकूम मात्र जवळजवळ पूर्ण जात होता. म्हणजे मागणारा मागतोय, देणारा देत नाही. इंटरकूलरचे जाड पाइप खालून हात घालून तपासले. ते फाटले की तेलाचा ओलसर डाग पडतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो. तसं काही नव्हतं.

त्याच्या गाडीचा टर्बो व्हीजीटी जातीचा, म्हणजे आतली पाती हलवून दाब कमी-जास्त करणारा. रांजणगावला पूर्वी बनणारं १.३ लिटरचं मल्टीजेट इंजिन तुमच्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या अवतारात साधा टर्बो असायचा आणि ९० च्या अवतारात हा पात्यांचा. यातली गंमत ऐका. त्याच्या गाडीत पाती व्हॅक्यूमने ओढली जातात, त्यामुळे रबरी नळी फुटली की दाब पडतो. साध्या टर्बोत हवेच्या दाबाने झडप उघडून जादा वायू बाहेर सोडला जातो, तिथली नळी फुटली की झडप उघडतच नाही आणि दाब वाढत जातो. नळी तीच, पाच-दहा रुपयांच्या रबराची, पण दुखणं बरोबर उलटं.

इंजिन चांगलं गरम असतानाच मी व्हॅक्यूमचा गेज लावला. पंपापाशी ६८० मिलिमीटर, उत्तम. सोलेनॉइडच्या तोंडाशीही ठीक. नळीच्या दुसऱ्या टोकाला २०० सुद्धा नाही. हातपंपाने ॲक्च्युएटर ओढून बघितला, दांडी न अडखळता पूर्ण गेली आणि काटा मिनिटभर जागचा हलला नाही. म्हणजे पातीही मोकळी होती. नळी टर्बोजवळ उष्णतेने कडक होऊन खालच्या अंगाला चिरली होती. गार असताना चीर मिटायची, तापली की उघडायची. नवी नळी, दोन क्लिप आणि माझी मजुरी धरून सातशे रुपये झाले. त्याने पतपेढीचा अर्ज मागे घेतला.

प्रत्येक वेळी असं गोड होत नाही. एका गाडीत दांडा हाताला खटखट हलत होता आणि इंटरकूलरमधून वाटीभर तेल निघालं. मालकाने ऑइल बदलण्यात वर्षं काढली होती. तिथे टर्बो खरंच गेला होता, आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

दोन गोष्टींना मात्र मी ठाम नकार देतो. गावातली पोरं येतात, म्हणतात, “काका, ॲक्च्युएटरची दांडी जरा आवळा, पिकअप वाढतो.” वाढतो, आणि मग पिस्टनही वितळतो. दुसरी, गळकी नळी बोळा घालून बंद करणं. डिझेल गाडीत हाच व्हॅक्यूम पंप ब्रेकच्या बूस्टरलाही ओढ देतो. गळती पंपाच्या बाजूला असली तर ऐन वेळी ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. टर्बोच्या तक्रारीबरोबर ब्रेकही जड वाटत असेल, तर गाडी चालवत माझ्याकडे आणू नका. फोन करा, मी येतो.

आपल्याकडे खाऱ्या हवेने वायरच्या पिनांवर हिरवं चढतं, तेही आधी बघायला सांगा. आणि कोणी टर्बो बदलायला सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा : गरम इंजिनावर व्हॅक्यूम किती आला, आणि मागितलेला दाब नि मिळालेला दाब किती? आकडे सांगितले तर माणूस कामाचा.

सूत्रसंचालक घड्याळ दाखवताहेत. ज्यांच्या गाडीचा चेक लाइट आज येताना पेटला होता, त्यांनी जेवण झाल्यावर भेटा, स्कॅनर गाडीतच आहे.