खांद्याच्या हाडातील गाठ व क्ष-किरणांची साक्ष
(वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा सारांश)



खांदा दुखू लागला म्हणजे आपण तेल चोळतो, शेकतो आणि त्यानेही न भागल्यास हाडवैद्याकडे जातो. परंतु वाढत्या वयाच्या मुलाचा खांदा रात्री, विश्रांतीतही दुखत असेल, काही आठवड्यांत वेदना ओसरत नसेल, किंवा दंडाच्या वरच्या भागी सूज हाताला लागत असेल, तर चोळणे थांबवून क्ष-किरण छायाचित्र काढावे, हीच माझी आजची विनंती आहे.

राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. त्यानंतर कितीतरी नवी यंत्रे निघाली. तरी हाडातील गाठीची पहिली साक्ष आजही हे साधे छायाचित्रच देते. गाठीची कड रेखीव असेल तर ती सावकाश वाढणारी, म्हणून बहुधा निरुपद्रवी. कड कुरतडल्यासारखी असेल तर संशय बळावतो. गाठ वेगाने वाढून हाडावरील आवरण उचलले गेले, की कडेला एक त्रिकोण दिसतो. बोस्टनचे खांद्याचे थोर अभ्यासक डॉ. कॉडमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. मात्र हाडात पू झाल्यासही तो दिसू शकतो.

म्हणून रुग्णाचे वयही पाहावे लागते. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी मुलांत पाण्याची पोकळी आढळते. ती कर्करोग नव्हे. पुष्कळदा क्षुल्लक पडण्याने हाड मोडल्यावरच ती कळते. पण त्याच जागी कुमारवयात ऑस्टिओसार्कोमा हा कर्करोगही होतो. चाळिशीनंतर अन्य अवयवांतून हाडात पसरलेला कर्करोग ध्यानात घ्यावा लागतो.

संशय आल्यास एम.आर.आय. तपासणीने गाठ मज्जेत, स्नायूंत व रक्तवाहिन्यांजवळ किती पसरली ते समजते, छातीच्या सी.टी. तपासणीने फुप्फुसे पाहतात. त्यानंतरच गाठीचा तुकडा काढावा, आणि तोही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने. भलत्या जागी सुई घातल्यास तो मार्गही रोगपेशींनी दूषित होतो व वाचण्याजोगा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. मुंबईत परळ येथे १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा रुग्णांवर उपचार होतात.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. वाच्यता झाली तर सोयरीक जुळणार नाही, या भीतीने मुलींची दुखणी घरात झाकली जातात. हा रोग स्पर्शाने लागत नाही, आणि वेळेवर आलेल्या पुष्कळ मुलांचा जीव व हात दोन्ही वाचतात. तेव्हा सोयरिकीची चिंता मागाहून करावी. मुलीला आधी तपासणीस न्यावे.