मागच्या जन्माचे कर्ज
(गावच्या सभेत केलेले भाषण)



गावात कोणाचे पोर दगावले, कोणाचा बैल मेला, कोणाची जमीन गहाण पडली, की कोणीतरी हटकून म्हणतो, "काय करणार बाबा, मागच्या जन्मीचे पाप!" बाप मुकाट्याने मान खाली घालतो, आणि दुःखाबरोबर गुन्हाही आपल्याच माथी घेतो. पाप कोणते, कोणाशी केले, हे सांगणारा मात्र कोणी भेटत नाही. याविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहो.

प्रथम ग्रंथ काय म्हणतात ते ऐकावे. न ऐकता निंदा करणे आम्हांस पसंत नाही. केल्या कर्माचे फळ भोगण्यास जीव पुनःपुन्हा जन्म घेतो, आणि या येरझारीतून सुटणे म्हणजे मोक्ष, असे ते सांगतात. सांख्य म्हणतात, पुरुष व प्रकृती वेगळी आहेत हे ओळखले की सुटका. पतंजलीच्या योगशास्त्रात त्यासाठी यमनियमांपासून समाधीपर्यंत आठ अंगे आहेत. ज्ञान झाल्यावरही देह का राहतो? तर मडके उतरले तरी कुंभाराचे चाक काही वेळ फिरतच राहते, तसा, असे सांख्यकारिकेत म्हटले आहे. ज्ञान्यास पुन्हा जन्म का नाही? तर भाजलेले बी रुजत नाही, हा दाखला योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आहे.

कुंभारदादांनो, कुणबीदादांनो, पाहा! चाक तुमचे, बियाणे तुमचे. पण शूद्रास वेदाचा अधिकार नाही, असा निकाल शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात दिला. इतिहासपुराणे ऐकण्यापुरती मुभा ठेवली. दाखल्याला आमचा धंदा चालतो, आम्ही चालत नाही!

छांदोग्य उपनिषद तर सांगते की, चांगल्या आचरणाचे लोक ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या पोटी येतात, आणि वाईट आचरणाचे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या. माणसास जनावरांच्या ओळीत बसविले, आणि वर दोषही त्याचाच!

कोणी म्हणेल, "पेरावे तसे उगवते, यात खोटे काय?" खरे आहे. पण शेतात कोणी, केव्हा, काय पेरले हे पेरणाऱ्यास ठाऊक असते. ज्या पेरणीची आठवण कोणास नाही, तिचा शेतसारा आम्ही का भरावा?

आता एक गोष्ट ध्यानात धरा. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी उठाव करून सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि ते लोण इतर गावांत पसरले. जाळपोळ करा असे आम्ही सांगत नाही. पण पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि रोख्यामागचा खरा हिशेब तपासणे कोर्टास भाग पडले. कर्ज जर मागच्या जन्मीचे होते, तर ते कायद्याने कमी कसे होऊ लागले? कारण ते व्याजाचे होते, खोट्या लिखाणाचे होते आणि आमच्या निरक्षरतेचे होते.

मग योगशास्त्र सारेच टाकावे काय? नाही. त्यात जन्माची जात पूर्वकर्माचे फळ म्हटली आहे, ते आम्हांस मान्य नाही. परंतु त्याच ग्रंथात अहिंसा, सत्य, चोरी न करणे, ब्रह्मचर्य आणि हाव न धरणे हे पाच यम जात, देश, काळ न पाहता सर्वांस सारखे लागू, असे सांगितले आहे. ते धान्य आहे, ते घ्यावे. भूस वाऱ्यावर सोडावे. आणि हे माप सावकारास, भटास, पाटलास व आपणांसही सारखेच लावावे.

पुढचा जन्म कोणी पाहून आलेला नाही. हा जन्म मात्र समोर आहे. तेव्हा मेलेल्याच्या गतीसाठी जमीन गहाण ठेवू नका. तो पैसा मुलामुलींच्या शाळेस लावा. शेजाऱ्याचे पोर गेले तर त्याचे पाप काढू नका, त्याच्या चुलीवर भाकरी घाला. आणि कोणी मागच्या जन्माचे कर्ज सांगू लागला, तर नम्रपणे विचारा, "महाराज, रोखा दाखवा!"